नव्या मोटारसायकलचे रनिंग-इन: इंजिनाचे वेगळे, टायरचे वेगळे

नवी मोटारसायकल ताब्यात देताना ‘पहिले हजार किलोमीटर गाडी दाबू नका’ एवढेच बहुधा सांगितले जाते, आणि त्यामुळे इंजिनाचे रनिंग-इन (म्हणजे त्याचे नवे भाग एकमेकांवर घासून नीट बसणे) व टायर-ब्रेक रुळणे या दोन निराळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. पहिलीत हयगय झाली तर इंजिनाचे आयुष्य घटते. दुसरीत झाली तर माणूस रस्त्यावर पडतो.

इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून नीट बसाव्या लागतात आणि त्यासाठी माफक, पण सतत बदलता भार लागतो. टॉप गिअरमध्ये ताशी 25 किलोमीटरने गाडी कशीबशी ओढत नेणे म्हणजे इंजिन जपणे नव्हे; ते ठोके देऊ लागते आणि त्याच्यावर उलट अधिक ताण येतो. महामार्गावर तासन्‌तास एकाच वेगाने जाणेही या काळात टाळावे. झिजलेल्या धातूचा बारीक कीस तेलात उतरत असल्याने साधारण 500 ते 1000 किलोमीटरला येणारी पहिली सर्व्हिसिंग लांबवू नये.

टायरच्या बाबतीत मात्र केवळ किलोमीटर मोजून भागत नाही. साच्यातून निघालेले रबर गुळगुळीत असते आणि रस्त्यावर घासून खरखरीत होईपर्यंत त्याची पकड अपुरी असते, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर जपून चालवण्याचा सल्ला दिला जातो. परंतु पुण्याहून सोलापूरपर्यंत सरळ महामार्गाने गेलेल्या गाडीचे टायर वाकून पाहावे: मधला पट्टा मळकट आणि खरखरीत झालेला असतो, तर कडांची चकाकी आणि रबराचे बारीक केस तसेच असतात. तीच गाडी ताम्हिणी घाटातल्या ओल्या वळणावर एकदम कलवली, तर सगळा भार त्या कोऱ्या कडेवर येतो. वळणातला कल कोरड्या रस्त्यावर थोडाथोडा वाढवत न्यावा, हाच यावरचा उपाय आहे.

ब्रेकचे पॅडही डिस्कवर बसेपर्यंत कमी पकडतात. सुरुवातीला मध्यम दाबाने, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर राखून ब्रेक लावावेत. एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील गाड्यांना एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग यंत्रणा) सक्तीचे झाले असले, तरी ते चाक लॉक होऊ देत नाही इतकेच. टायरमध्ये नसलेली पकड ते आणू शकत नाही.

इंजिनाचे रनिंग-इन एकदा झाले की सहसा पुन्हा करावे लागत नाही. टायर किंवा पॅड नवे बसवले की मात्र, गाडी दहा वर्षांची असली तरी, ही काळजी पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागते.