ऊर्ध्वपातन नेमकं कशाला म्हणायचं? बडोद्यातल्या मराठी घरांतला जुना गुंता

बडोद्याच्या मराठी घरांत पाण्याच्या अवस्था शिकवताना अडतं ते शब्दांपाशी. मूल गुजराती मीडियममध्ये, आजी मराठी शाळेत शिकलेली, मावसभाऊ पुण्याचा म्हणून त्याची पुस्तकं महाराष्ट्राची, आणि मोबाइलवरचे व्हिडिओ हिंदी, म्हणजे एकाच क्रियेला तीन नावं आणि त्याहून वाईट, एकच नाव दोन वेगळ्या क्रियांना. हे असं कसं झालं ते मागे जाऊन बघितल्याशिवाय कळत नाही म्हणून ही पार्श्वभूमी.

सूर्य पाणी ओढून घेतो आणि तेच पाऊस होऊन येतं हे आपल्याकडे फार जुनं आहे, सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत तर मेघाचा गर्भ राहिला की १९५ दिवसांनी पाऊस होतो असा हिशोबच दिलाय. पण आपला गुंता तिथला नाही. तो रसशास्त्रातून, म्हणजे पाऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या वैद्यांच्या भट्टीतून येतो.

पाऱ्याचे जे संस्कार, म्हणजे त्याच्यावर करायच्या प्रक्रिया, सांगितलेत त्यात एक 'पातन' आहे आणि त्याचे तीन प्रकार: ऊर्ध्वपातन, अधःपातन, तिर्यक्पातन. ऊर्ध्वपातनात दोन मडकी तोंडाला तोंड लावून सांधा लिंपून बंद करायची, खालच्याला आच द्यायची, वरच्यावर ओलं फडकं ठेवायचं, की पारा वाफ होऊन वर चढतो आणि थंड बुडाला बारीक थेंबांनी चिकटतो. आता गंमत बघा, त्याच पद्धतीच्या बंद भांड्यात रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचं एक पांढरं संयुग, तापवला तर वर थेंब जमत नाहीत, पांढरे खडे जमतात. म्हणजे जुन्या वैद्याच्या दृष्टीनं 'खालून वर नेऊन जमवणं' ही एकच कृती, पण आजच्या विज्ञानाच्या दृष्टीनं त्या दोन कृती आहेत. द्रवाची वाफ करून परत द्रव मिळवणं ही एक, आणि घन मधे द्रव न होता सरळ वायू होणं ही दुसरी. इंग्रजीत पहिल्याला डिस्टिलेशन, दुसऱ्याला सब्लिमेशन.

मराठीनं 'ऊर्ध्वपातन' पहिल्याला दिलं आणि दुसऱ्यासाठी 'संप्लवन' घेतलं. हिंदी आणि गुजरातीनं नेमकं उलट केलं, ऊर्ध्वपातन म्हणजे सब्लिमेशन. मग डिस्टिलेशनला हिंदीत आसवन आणि गुजरातीत निस्यंदन. आणि हे निस्यंदन हिंदीत गेलं की त्याचा अर्थ होतो गाळणं! म्हणजे पाणी फडक्यातून गाळलं की उकळून वाफेचं परत पाणी केलं, हे कुठल्या भाषेचं पुस्तक हातात आहे त्यावर ठरतं.

मला स्वतःला मराठीची वाटणी जास्त बरोबर वाटते. पाऱ्याचा मूळ संस्कार बघितला तर पारा द्रव, त्याची वाफ आणि परत द्रव, म्हणजे ते डिस्टिलेशनच. आणि सब्लिमेशनला वेगळा शब्द दिल्यामुळे मुलाच्या डोक्यात दोन वेगळे कप्पे तयार होतात. आता गुजराती शिकवणारे म्हणतील की 'वर जाणं' एवढंच शब्दात आहे, द्रवाचा उल्लेख कुठे आहे, तर तेही खोटं नाही.

बडोद्याला हे आधीच सोडवायची संधी होती असं मला राहून राहून वाटतं. दरबारात मराठी, बाजारात गुजराती, असं दोन भाषांचं राज्य. १८९० साली इथे तंत्रशिक्षणाची संस्था निघाली, तिचे पहिले प्राचार्य रसायनशास्त्राचेच होते आणि शिकवायचं ते लोकांच्या भाषेत यावर त्यांचा भर होता. रंगकामापासून सगळं शिकवताना वाफ, उकळणं, गाळणं हे शब्द रोज लागणारच. पुढे १९३१ साली राज्यानं मोठा कोश काढला, त्यात एका इंग्रजी शब्दाला मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, बंगाली, फारसी, उर्दू असे प्रतिशब्द शेजारी शेजारी. पण तो कारभाराच्या शब्दांचा. कोर्ट-कचेरीचे शब्द जुळवले, प्रयोगशाळेचे तसे जुळवले असते तर आजचा गोंधळ निम्मा झाला असता.

मग १ मे १९४९ ला बडोदं मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला गुजरात-महाराष्ट्र वेगळे झाले, त्यानंतर दोन्हीकडे पाठ्यपुस्तकं आपापली. १९६१ साली दिल्लीत शास्त्रीय परिभाषेसाठी आयोग नेमला गेला, संस्कृतवरून शब्द घेतले की सगळ्या भाषांना ते सारखे चालतील ही त्यामागची आशा. शब्द सारखे झालेही, अर्थच सारखे राहिले नाहीत.

सगळ्यात जास्त त्रास 'घनीभवन' देतं. थंड ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं, त्याला गुजराती पुस्तकात घनीभवन म्हणतात, आणि मराठी कानाला घनीभवन म्हणजे घट्ट होणं, बर्फ होणं. मराठी पुस्तकात त्याच ग्लासाला संघनन किंवा सांद्रीभवन. पाणी ज्या तापमानाला बर्फ होतं तो मराठीत गोठणबिंदू, गुजरातीत ठारबिंदू, हिंदीत हिमांक. आमच्या बोलण्यात तर अजून बारीक भेद आहे, पाणी गोठतं पण तूप थिजतं, आणि गुजराती शेजारीण म्हणते घी ठरी गयुं.

हल्ली मराठी शाळा इथे जवळजवळ उरल्या नाहीत आणि इन्व्हर्टरच्या पाण्याच्या बाटलीला दुकानात सगळेच डिस्टिल्ड वॉटर म्हणतात, त्यामुळे मोठ्यांना फरक पडत नाही. परीक्षेला पडतो. आम्ही घरी शब्द वस्तूंना बांधून टाकलेत. फ्रीझरच्या ट्रेमधले बर्फाचे खडे न वितळताच महिनाभरात बारीक होतात, कारण कोरड्या थंड हवेत बर्फाची थेट वाफ होते, पण फार सावकाश. त्याला ग्रॅमला साधारण ६८० कॅलरी लागतात, नुसतं वितळायला ८० पुरतात. हा ट्रे म्हणजे आजीच्या मराठीत संप्लवन, गुजराती पेपरात ऊर्ध्वपातन. इन्व्हर्टरची बाटली म्हणजे आजीकडे ऊर्ध्वपातन, पेपरात निस्यंदन. ग्लासाचं बाहेरचं पाणी पेपरात घनीभवन, पुण्याला फोन करताना सांद्रीभवन. मुलीनं ही तीन ओळींची चिठ्ठी फ्रीजच्या दारावर लावलीय.