सीआर की एलआयआर? दाबायच्या बॅटरीतला बटण सेल

शिराळा तालुक्यात मामांच्या रानात थ्री फेज लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. मोटर चालू करायला विहिरीवर जायचं म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात बिबट्या असेल-नसेल सांगता येत नाही. म्हणून मुठीत दाबून पेटवायची बॅटरी त्यांच्या खिशात कायम. (आमच्याकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात; आत घालतात तो सेल.) गेल्या पावसाळ्यात ती बंद पडली. मामांनी बाजारातनं नवा सेल आणून घातला, दोनेक आठवडे झकास चालली आणि पुन्हा गेली. "नवा सेल घातला की रं, तरी पेटंना. बघ की जरा," म्हणत त्यांनी ती माझ्या हातात दिली.

स्क्रू काढून वर्तमानपत्रावर उघडली. पांढरी दातेरी चाकं शाबूत, तांब्याच्या तारेचं गुंडाळं शाबूत, त्यातलं गोल लोहचुंबक हातानं फिरवलं तर गरगर फिरत होतं. म्हणजे मूठ दाबल्यावर वीज तयार करणारा डायनॅमो ठीक दिसत होता. सेलची पाठ मात्र बशीसारखी फुगलेली, कडेला चिकट ओल, खालची पत्री काळवंडलेली. त्यावर कोरलेलं होतं सीआर२०३२. मूळचा सेल मामांनी टाकला नव्हता, दिवळीत ठेवला होता. तो आणला तर त्यावर दोनाऐवजी तीन अक्षरं, एलआयआर. पुढचा आकडा तोच, २०३२.

सगळा घोटाळा त्या आकड्याचा आहे. २०३२ म्हणजे फक्त माप: २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. एकाच्या जागी दुसरा अगदी बरोबर बसतो. सीआर हा एकदाच वापरायचा लिथियम सेल, ३ व्होल्टचा. गाडीच्या रिमोटमध्ये, वजनकाट्यात, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर तोच असतो, म्हणून दुकानात "२०३२ द्या" म्हटलं की तोच हातात पडतो. एलआयआर हा पुन्हापुन्हा चार्ज होणारा, मोबाइलच्या बॅटरीच्या जातीचा, ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ पर्यंत जातो. साठवण मात्र त्याची तोकडी. सीआरमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास मावतात, एलआयआरमध्ये ४० च्या आसपास. तेवढं कमी चालतं, कारण मूठ दाबली की डायनॅमो त्याला पुन्हा भरत असतो.

मामांची बॅटरी सीआरवर आधी चांगली चालली ती याचमुळं. नवा, भरलेला, मोठ्या साठवणीचा सेल होता. पण मूठ दाबेल तसा डायनॅमो त्याच्यात उलटा प्रवाह ढकलत राहिला, आणि सीआरला भरून घेणं माहीतच नाही. अशानं आत वायू धरतो, सेल फुगतो, गळतो, फुटूही शकतो. दुकानदारानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पण सेल कशात घालायचा आहे हे विचारायला हवं होतं.

उलटी चूकही वाईटच. रिमोटमध्ये किंवा मदरबोर्डवर सीआरच्या जागी एलआयआर घातला तर ३ व्होल्टच्या सर्किटला ४.२ व्होल्ट मिळतात. ते खराब होऊ शकतं, आणि नाही झालं तरी सेल लवकर उतरतो.

मग सरसकट एलआयआर घालायचा का? नाही. काही स्वस्त बॅटऱ्यांत सीआरच मूळचा असतो. डायनॅमोचा प्रवाह सेलपर्यंत पोचू नये म्हणून वाटेत डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग, असतो, आणि मूठ दाबण्यानं नुसता दिव्याला हातभार लागतो. काहींत डायनॅमो निव्वळ देखावा असतो. म्हणून पहिला सेल काढला की टाकून देऊ नका, त्यावरची अक्षरं वाचा.

दोष सेलचा की डायनॅमोचा, हे दाबूनच कळतं. दाबताना उजेड पडतो आणि मूठ थांबली की जातो, तर डायनॅमो ठीक, सेल गेला. दाबूनही काहीच नाही, तर लगेच डायनॅमोला दोष देऊ नका. पार उतरलेला एलआयआर सगळा प्रवाह स्वतःच गिळतो आणि दिव्यापर्यंत काही पोचू देत नाही. सेल काढून ठेवा आणि हळू दाबा. दिवा लुकलुकला तर गुन्हेगार सापडला. जोरात दाबू नका. सेल नसताना व्होल्टेज चढतं आणि दिवेच जायचे. तरीही अंधार असेल तर बटण आणि गुंडाळ्याच्या तारेची टोकं बघा. केसासारखी तार डागापाशी (सोल्डर केलेल्या जागी) तुटलेली सापडते. मीटर असेल तर एलआयआर अडीच व्होल्टच्या खाली गेलेला दिसला की त्याचा नाद सोडा.

एलआयआर मरतो तो बहुतेक पडून राहिल्यानं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, त्यानंतर आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी अशा बॅटऱ्या घेऊन कपाटात ठेवल्या. आता काढल्या तर निम्म्या पेटत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी पाच मिनिटं मूठ चालवली असती तर सेल वाचले असते.

नवा सेल घेताना पत्री लावलेलाच मागा. सेलवर थेट डाग देऊ नका. उष्णतेनं तो तिथंच बिघडतो. आणि एलआयआर मिळालाच नाही तर ५.५ व्होल्ट, १ फॅरडचा सुपर कपॅसिटर (सेलसारखी वीज साठवणारा, झटकन भरणारा भाग) लावून बघा, उणे-अधिक सांभाळून. दहा मिलिअँपिअर घेणारा एक दिवा त्यावर जेमतेम दीड-दोन मिनिटं जळतो, पण तो हजारो वेळा भरतो आणि वर्षभर रिकामा पडून राहिला तरी त्याला काही होत नाही. पुरासाठी कपाटात ठेवायच्या बॅटरीला मला हाच बरा वाटतो.

मामांना मात्र विहिरीपर्यंत जाऊन यायचं असतं, म्हणून त्यांच्यात पत्रीवाला एलआयआरच बसवला. निघताना दिवळीकडं लक्ष गेलं. खाली मामांचा दोन वर्षांचा नातू खेळत होता. एवढा सेल पोराच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो, आणि उतरलेल्या सेलातही तेवढा जोर उरलेला असतो. मामींना तेवढं सांगितलं, दोन्ही सेलांना दोन्हीकडून चिकटपट्टी लावली आणि डबीत घालून सांगलीला घेऊन आलो.