सहाव्या मितीत ३४, सातव्यात अगणित

सोलापुरात एमएस्सीच्या मुलांना निलपोटंट ली बीजगणितांची मोजणी हा विषय सांगताना मी बारावीच्या क्रॉस प्रॉडक्टपासून सुरुवात करतो. आय, जे, के हे एकमेकांना लंब एकक सदिश. आय क्रॉस आय शून्य, म्हणून (आय क्रॉस आय) क्रॉस जे हेही शून्य. आता कंस सरकवा. आय क्रॉस (आय क्रॉस जे) म्हणजे आय क्रॉस के, उत्तर उणे जे. साहचर्य नियम तिथेच मोडला! त्याची जागा जेकोबीची नित्यसमानता घेते: तीन घटक चक्राकार फिरवून केलेल्या तीन गुणाकारांची बेरीज शून्य. ही नित्यसमानता पाळणाऱ्या आणि स्वतःशी गुणाकार शून्य असणाऱ्या रचना म्हणजे ली बीजगणितं; त्यांना नॉर्वेच्या सोफस ली (१८४२–१८९९) यांचं नाव आहे.

त्यातली निलपोटंट म्हणजे जिथे गुणाकार वाढवत नेले की काही पायऱ्यांत सगळं शून्य होतं. हायझेनबर्ग बीजगणित घ्या. क, ख, ग हे त्याचे तीन पायाभूत घटक, म्हणून त्याची मिती तीन: क गुणिले ख बरोबर ग, ख गुणिले क बरोबर उणे ग, बाकी सगळे शून्य.

अशी एकूण किती? जर्मनीत लाइपझिगला गणिती एंगेल यांच्या हाताखाली उमलाउफ यांनी १८९१च्या प्रबंधात सहा मितींपर्यंत मजल मारली. रशियातल्या कझानच्या मोरोझोव्ह यांनी १९५८ मध्ये सहाव्या मितीची यादी दिली. वास्तव संख्यांवर तिसऱ्या मितीत २, चौथ्यात ३, पाचव्यात ९, सहाव्यात ३४. मोजणीतली खरी अडचण ओळख पटवण्याची असते. सोलापुरी चादर उलटी केली की रंग बदलतात, नक्षी तीच राहते. तसं गुणाकाराचे दोन वेगळे दिसणारे तक्ते एकाच बीजगणिताचे निघतात. सातव्या मितीत तर संपूर्ण कुटुंबंच येतात, एका बदलत्या संख्येवर टांगलेली. तिथल्या अनेक याद्यांत चुका आणि पुनरुक्ती राहिल्या. सीली यांची यादी १९९३ची. शेलब्रेड आणि सुंद यांनी १९७८ मध्ये दिलेली रीत, लहान बीजगणिताला केंद्रातून (म्हणजे ज्यांचा कुणाशीही गुणाकार शून्य येतो अशा घटकांतून) एकेक मिती जोडत वर चढण्याची, आजही वापरात आहे.

मला सगळ्यात भावतं ते पुढचं. लोडे यांनी १९९३ मध्ये प्रचारात आणलेल्या लायबनिझ बीजगणितांत जेकोबीचा एक अवतार टिकतो, पण स्वतःशी गुणाकार शून्य असण्याची अट जाते. मग कुटुंब सातव्या मितीपर्यंत थांबत नाही, तिसऱ्यातच उगवतं: क गुणिले क बरोबर ग, क गुणिले ख बरोबर ग, ख गुणिले ख बरोबर अल्फा पट ग, बाकी शून्य; अल्फा ही कुठलीही संख्या. अल्फा बदलला की बीजगणित बदललं. हे मी फळ्यावर सोडवून देत नाही. दोन बाय दोनचा निश्चयक येणाऱ्याला ते वहीच्या एका पानात जमतं.