लॉक फाइल (कमिट करण्याचा प्रश्न)

डिपेंडन्सी (आपला कोड ज्यांच्यावर चालतो ती दुसऱ्यांची पॅकेजं) बसवताना नेमकी कुठली व्हर्जन बसली ते टिपून ठेवणारी फाइल, पॅकेज मॅनेजर (ती पॅकेजं उतरवून बसवणारं टूल) स्वतःच बनवतो. ती गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) टाकायची, म्हणजे कमिट करायची, का नाही यावर वाद होतो, नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कमध्येही आणि मिहानमध्येही.

उगम सहसा रुबी भाषेच्या बंडलर या पॅकेज मॅनेजरपासून धरतात, त्याची १.० आली ऑगस्ट २०१० मध्ये आणि जेमफाइल.लॉक ही त्याची लॉक फाइल त्याच सुमारास रुळली. त्याआधी रेल्सवाले (रेल्स म्हणजे रुबीतलं वेब फ्रेमवर्क) अख्खं रेल्सच व्हेंडर फोल्डरमध्ये फ्रीझ करून (एका व्हर्जनवर गोठवून) रिपोत, म्हणजे प्रोजेक्टच्या कोडसाठ्यात, टाकायचे, म्हणून उगम तिथपर्यंत मागे नेता येतो, पण ते जरा ओढूनताणून होतं कारण तिथे कोडच साठवला जायचा, निवडीची नोंद नव्हे. नोडकडे (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) श्रिंकरॅप नावाची अशीच फाइल होती खरी, पण ती आठवणीने कमांड मारून बनवावी लागायची, आठवण कोणाला राहते! सवय लावली ती यार्न या जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरने (ऑक्टोबर २०१६), मग नोडचा नेहमीचा पॅकेज मॅनेजर एनपीएम, त्याच्या मे २०१७ च्या ५ पासून पॅकेज-लॉक आपोआप बनायला लागली.

ॲपसाठी कमिट करावी, यात फारसा वाद नाही. कॅरट (^) लावून १.४.२ लिहिलं की २.० च्या खालचं काहीही बसू शकतं, आणि त्या पॅकेजच्या पोटातली पॅकेजं वेगळीच. लॉकमध्ये बहुतेक ठिकाणी हॅशही (पॅकेजच्या मजकुरावरून काढलेला ठसा) असतो, म्हणजे त्याच नंबरखाली दुसरंच काही आलं तर पकडलं जातं.

खरं भांडण लायब्ररीचं, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या कोडमध्ये वापरायच्या पॅकेजचं. तुमची लायब्ररी वापरणाऱ्याकडे तुमची लॉक लागूच होत नाही, एनपीएम तर पॅकेज-लॉक पब्लिशही करत नाही, मग तुमच्याकडे सगळं हिरवं (चाचण्या पास) आणि त्याच्याकडे तुटलेलं असं होऊ शकतं. रस्ट भाषेचा पॅकेज मॅनेजर कार्गो याच कारणाने लायब्ररीत लॉक नको म्हणायचा, ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी तो आग्रह सोडला. जुना कमिट काढून बग शोधायचा असेल तर लॉक असलेली बरी, आणि नव्या व्हर्जनची चाचणी सीआयमध्ये (आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा) वेगळी लावता येते, त्यामुळे कमिट करण्याकडे झुकतं माप द्यायला हरकत नाही. गो भाषेतली गो.सम फाइल मात्र लॉक नव्हे, ती फक्त चेकसमची (हॅशची) यादी.

लॉकमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट आला (दोघांचे बदल एकाच जागी आदळले) की इकडे पहिला सल्ला ठरलेला, "उडवून टाक न बे, परत इन्स्टॉल मार". त्याने सगळ्याच व्हर्जन नव्याने ठरू शकतात. एनपीएम ५.७ पासून पॅकेज.जेसन (कुठल्या डिपेंडन्सी हव्यात ती यादी असलेली फाइल) नीट करून नुसतं इन्स्टॉल चालवलं तरी लॉकमधला कॉन्फ्लिक्ट तो स्वतः सोडवतो.