सन १७८०, टांकसाळ मुंबई

माझ्या संग्रहातल्या एका चांदीच्या नाण्यावर ठळक अक्षरांत १७८० लिहिलंय. दर्शनी बाजूला भरदार चेहऱ्याची, डोक्यावरून विधवेची ओढणी घेतलेली राणी, मागे दोन तोंडांचा गरुड. हा मारिया तेरेसाचा थालर. ही ऑस्ट्रियाची राज्यकर्ती २९ नोव्हेंबर १७८० रोजी वारली, पण तिचं नाणं तेच साल घेऊन पुढे पाडलं जात राहिलं. व्हिएन्नाची टांकसाळ आजही ते पाडते.

याचं कारण तांबड्या समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर आहे. येमेन आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांचा विश्वास याच चेहऱ्यावर बसला होता. राणीच्या खांद्यावरच्या पदकातले मोती मोजून, काठ तपासून ते नाणं घेत. त्यात जरा बदल झाला की घ्यायला नकार. १८६७-६८ मध्ये मुंबईहून ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, निघालेल्या ब्रिटिश फौजेलाही खर्चासाठी हेच थालर जमवावे लागले. १९३५ मध्ये मुसोलिनीने ऑस्ट्रियाकडून ठसे मिळवून ते रोममध्ये पाडून घेतले. मग लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, आणि १९४०-४१ मध्ये चक्क आपली मुंबईची टांकसाळ! म्हणजे १७८० लिहिलेलं नाणं फोर्टमध्ये तयार झालेलं असू शकतं आणि तरीही ते बनावट नसतं.

म्हणून जुनं परदेशी नाणं हातात आलं की साल वाचून मी हुरळून जात नाही. आधी धातू बघतो.

थालरचं ठरलेलं वजन २८.०७ ग्रॅम. हजारात ८३३ भाग चांदी, बाकी तांबं. शुद्ध चांदीची घनता १०.४९, तांब्याची ८.९६, त्यामुळे या मिश्रणाची साधारण १०.२ येते. ती घरी मोजता येते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा. बारीक दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडवून अधांतरी धरायचं, तळाला किंवा कडेला लागू द्यायचं नाही. काट्यावर दिसेल तेवढं, ग्रॅममध्ये, नाण्याने बाजूला सारलेलं पाणी. माझं नाणं कोरडं २८.०३ ग्रॅम भरलं आणि पाण्यात काट्याने २.७५ दाखवलं. भागाकार १०.१९. तेवढ्याच वजनाचं पितळी नाणं असतं तर आकडा तीनच्या वर गेला असता. नाण्याला चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडाही हिशेब बिघडवतो, म्हणून मी तीनदा मोजतो. क्ष-किरणांच्या यंत्राला मिश्रणातले धातू चटकन कळतात, पण ते वरचा पातळ थरच बघतं. जाड मुलामा दिलेला असेल तर तेही फसतं. आर्किमिडीजचं पाणी अख्ख्या नाण्याचा हिशेब देतं.

तरी घनता जुळली म्हणजे काम झालं असं नाही. अस्सल चांदी ओतूनही नक्कल करता येते. इथे काठ बोलतो. थालरच्या काठावर ‘युस्टिशिया एट क्लेमेन्शिया’, म्हणजे ‘न्याय आणि दया’, ही लॅटिन अक्षरं उठावाने आहेत. ठशाखाली दाबून पाडलेल्या नाण्यात धातू दाबामुळे बाहेरच्या दिशेला सरकतो. त्याच्या सूक्ष्म रेषांमुळेच नवं नाणं दिव्याखाली फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ओतीव नाण्यात हे घडत नाही. वितळलेला धातू थिजताना आकसतो, म्हणून खऱ्या नाण्यावरून साचा घेतलेली नक्कल व्यासात किंचित भरत नाही, अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात, सपाट जागी बारीक खड्डे असतात. कधी काठावर साच्याची सांधरेघ राहते, कधी ती कानशीने घासल्याच्या खुणा. दहापट भिंगातून काठ पूर्ण गोल फिरवून बघावा. विक्रेते फोटोत दोन्ही बाजू दाखवतात, काठ दाखवत नाहीत. तो मागून घ्या.

किंमत शेवटी. राणीच्या चेहऱ्याखालची ‘एस. एफ.’ ही अक्षरं आजच्या जर्मनीतल्या ग्युन्झबर्ग टांकसाळीच्या दोन अधिकाऱ्यांची, पण नंतरच्या थालरांवरही ती जशीच्या तशी आली, म्हणून ती पाहून जादा पैसे मोजू नयेत. कोणत्या टांकसाळीचं हे गरुडाच्या शेपटीची पिसं, पदकातले मोती, टिंबं यांच्या बारीकसारीक फरकांवरून ठरतं, आणि त्यासाठी छापील सूचीतल्या मोठ्या फोटोंशी तासन्‌तास ताडून पाहावं लागतं. मला त्यातच खरा आनंद मिळतो. अलीकडच्या थालरला चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळत नाही, सुरुवातीच्या दुर्मीळ प्रकारांना मात्र संग्राहक कितीतरी पट देतात.

आणि कृपा करून नाणं चिंच किंवा पितांबरीने घासू नका. अक्षरांच्या खोबणीत साठलेला काळपटपणा सिल्व्हर सल्फाइडचा असतो आणि तो हळूहळूच चढतो. घासल्यावर तो जातो, आणि त्याच्यासोबत पृष्ठभागाचा सूक्ष्म थरही. भिंगाखाली त्या ओरखड्यांची जाळी जन्मभर दिसत राहते.