आडदशावतार

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत आणि लगतच्या सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री होणाऱ्या दशावतारी नाटकाचा पूर्वरंग. लोक या नाटकाला ‘धयकालो’ किंवा नुसते ‘कालो’ म्हणतात. पालखी देवळात परतल्यावर मृदंग, झांज आणि पायपेटीच्या साथीने सूत्रधार (नाईक) गायला लागतो, तिथून हा भाग सुरू होतो. पुराणातल्या राजांचे ‘आख्यान’ आणि राजपार्टी (राजाची भूमिका करणाऱ्या) नटाचा प्रवेश त्यानंतरचा.

नावातल्या ‘आड’चा उगम ‘आद्य’ शब्दात शोधण्याचा मोह होतो. मात्र आडवाट, आडनाव यांतला ‘आड’ डोळ्यांपुढे ठेवला, तर मुख्य खेळाच्या बाजूचा, त्याला जोडून असलेला खेळ हा अर्थ अधिक सरळ वाटतो.

उगमाविषयी एकमत नाही. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी इ.स. 1728 च्या सुमारास हा खेळ कोकणात आणला, अशी परंपरागत समजूत आहे. ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण आहे; कारण स्त्रीवेष घेणाऱ्या दशावतारी खेळ्यांचा उल्लेख ‘दासबोधा’त, म्हणजे सतराव्या शतकातच येतो. काळे यांनी खेळाला नवी घडण दिली असावी, इतके मानणे सुरक्षित. कर्नाटकातल्या यक्षगानाशी असलेले साम्यही दुर्लक्षिण्याजोगे नाही: तिथला भागवत (खेळ चालवणारा गायक) आणि इथला नाईक यांचे काम बरेचसे एकच, आणि आरंभीचे गणेशपूजनही दोन्हीकडे आहे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी केलेल्या नाट्यप्रयोगाचा आरंभही सूत्रधार, गणपती आणि सरस्वती यांनीच होई. पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. तिथली आणि तळकोकणातली परंपरा एकच दिसते, ती बहुधा यामुळे.

क्रम साधारण असा: सोंडेचा मुखवटा घातलेला गणपती ऋद्धिसिद्धींसह येतो, भटजी त्याची पूजा करतो, मग कमरेला मोर बांधलेली सरस्वती नाचते. त्यानंतर ब्रह्मदेव, आणि त्याचे वेद चोरणारा संकासूर. त्याचा वेष काळाकुट्ट, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी तांबडी जीभ. सगळी पात्रे प्रमाण मराठी बोलत असताना हा मात्र गावच्या बोलीत नाइकाशी हुज्जत घालतो, आणि पेंगुळलेली पोरे त्याच्याचसाठी जागी राहतात. शेवटी विष्णू त्याला मारतो.

दहा अवतारांपैकी प्रत्यक्ष रंगतो तो हा एक मत्स्यावतारच. बाकीच्यांचे बहुधा नामस्मरण होते. त्यातही भागवतपुराणात वेद चोरणारा दैत्य हयग्रीव आहे, शंखासुराची (म्हणजे संकासुराची) कथा पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात येते. कार्तिक पौर्णिमेपासून सुरू होणाऱ्या जत्रांशी ही दुसरी कथा चांगली जुळते. कोकणातल्या शिमग्याच्या खेळांतही संकासूर असतो आणि तिथे त्याला नवस बोलले जातात. तो मुळात लोकदैवत असावा आणि पुराणकथा त्याला मागाहून चिकटली असावी, हे मत त्यामुळे अधिक पटते.

रंगभूषा नट स्वतःच करतात. आख्यानात राजाचे सिंहासन होणारे बाकडे बहुतेकदा एकच असते.

अलीकडे आडदशावतार फार आटोपता घेतात. गणपती आणि सरस्वती राहतात. संकासुराला मात्र पुष्कळदा कात्री लागते. पहाटे दहीहंडी फोडून काला वाटण्याची प्रथा जिथे टिकली आहे, तिथे रात्री मांडलेली पूजा त्या काल्याने उठते.