खोट्याने खोटे उघडे पाडावे का? ऑगस्टीनच्या एका उत्तराची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०११मध्ये अमेरिकेतील ‘लाइव्ह अ‍ॅक्शन’ या गर्भपातविरोधी संघटनेने काही चित्रफिती प्रसिद्ध केल्या. वेश्याव्यवसायातला दलाल आणि त्याच्याबरोबरची तरुणी अशी बतावणी करून संघटनेची माणसे ‘प्लॅन्ड पेरेंटहुड’ या गर्भपात व कुटुंबनियोजनाच्या सेवा देणाऱ्या संस्थेच्या दवाखान्यांत गेली होती आणि अल्पवयीन मुलींविषयी त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्मचाऱ्यांनी दिलेली उत्तरे छुप्या कॅमेऱ्याने टिपली होती. न्यू जर्सीतील एका व्यवस्थापिकेची नोकरी गेली; या भेटींचा संशय आल्याने संस्थेने केंद्र सरकारला आधीच कळवले होते, हेही नोंदवायला हवे. त्यानंतर कॅथलिक विचारवंतांमध्ये जो वाद पेटला तो मात्र गर्भपाताविषयी नव्हता, कारण त्या बाबतीत वाद घालणाऱ्यांचे एकमतच होते. चांगल्या हेतूने खोटे बोलणे पाप ठरते का, एवढाच त्यांचा प्रश्न होता आणि त्या प्रश्नाच्या मुळाशी उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (इ.स. ३५४–४३०) उभा होता.

ऑगस्टीनने या विषयावर दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. इ.स. ३९५च्या सुमारास लिहिलेल्या पहिल्या ग्रंथात त्याने खोट्याचे आठ प्रकार पाडले आणि आठही त्याज्य ठरवले. त्यातच तागास्ते या त्याच्या जन्मगावच्या फर्मुस नावाच्या पूर्वीच्या बिशपची गोष्ट येते. आश्रयाला आलेल्या माणसाला फर्मुसने लपवले होते. सम्राटाचे शिपाई दारात आले तेव्हा ‘मी खोटेही बोलणार नाही आणि त्याला तुमच्या हातीही देणार नाही’ असे त्याने सांगितले, छळ सोसला, आणि शेवटी खुद्द सम्राटाने त्याच्या धैर्यापुढे नमून त्या माणसाला अभय दिले. आपल्याकडच्या वाचकाला इथे ‘नरो वा कुंजरो वा’ची आठवण होईल, पण फर्मुसने तसली पळवाटही काढली नाही.

दुसरा ग्रंथ इ.स. ४२०च्या आसपासचा आहे आणि २०११च्या वादाच्या दृष्टीने तोच खरा महत्त्वाचा. स्पेनमध्ये प्रिसिलियनच्या अनुयायांचा पंथ चर्चने पाखंडी ठरवला होता, आणि स्वतः प्रिसिलियनला ट्रियर येथे देहदंड झाल्यापासून हे लोक आपली श्रद्धा लपवून चर्चमध्येच वावरत. शपथ घ्या, ती मोडा, पण गुपित फोडू नका, असे त्यांचे वचन सांगितले जाई. ‘शेजाऱ्याशी खरे बोला’ या बायबलच्या आज्ञेचा अर्थ ते असा लावत की शेजारी म्हणजे आपल्या पंथाचा माणूस. इतरांना सत्य सांगण्याचे बंधन नाही. कॉन्सेन्शियस नावाच्या एका धर्मप्रेमी गृहस्थाने ऑगस्टीनला कळवले की आपणही त्यांच्यातलेच असल्याचे भासवून त्यांना उघडे पाडावे. हा केवळ तर्क नव्हता. योहानेस दिवियाक या संशोधकाला सापडलेली ऑगस्टीनच्या पत्रव्यवहारातील अज्ञात पत्रे १९८१मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कॉन्सेन्शियसचे पत्रही उजेडात आले. तारागोना येथील फ्रोंतो नावाच्या संन्याशाने पंथीय असल्याची बतावणी करून सेवेरा नावाच्या स्त्रीचा विश्वास संपादन केला आणि तिच्याकडून माहिती काढली, ही हकिगत त्यात आहे. आजच्या भाषेत हे स्टिंग ऑपरेशनच होते.

ऑगस्टीनने स्पष्ट नकार दिला. खोटे बोलणाऱ्यांना पकडण्यासाठी आपणही खोटे बोललो, तर खोटे बोलणे योग्य असते हा त्यांचाच सिद्धान्त आपण मान्य केला, असे त्याचे म्हणणे. शिवाय, जो माणूस एकदा हेतूसाठी खोटे बोलला, तो उद्या खऱ्या धर्माविषयी बोलू लागला तर त्याच्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? मला या दुसऱ्या मुद्द्यात जास्त बळ दिसते.

पुढे तेराव्या शतकात धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने ही भूमिका उचलून धरली, तर १६२५मध्ये डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियसने ऐकणाऱ्याच्या हक्काची कल्पना पुढे आणली: ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही, त्याला चुकीचे सांगणे हे खोटे बोलणे नव्हे. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत संग्रहात, खोट्याची व्याख्या करताना ‘ज्याला सत्य जाणण्याचा हक्क आहे’ असे शब्द होते. १९९७च्या अधिकृत लॅटिन आवृत्तीत ते वगळले गेले. माझ्या मते हा बदल ऑगस्टीनच्या दिशेने आहे, कारण हक्क असलेला श्रोता आणि प्रिसिलियनपंथीयांचा ‘शेजारी’ यांच्यातले अंतर फार थोडे आहे.

२०११च्या वादात तत्त्वज्ञ ख्रिस्तोफर टॉलेफसेन यांनी ऑगस्टीनची बाजू घेतली. ‘लाइव्ह अ‍ॅक्शन’च्या बाजूने तत्त्वज्ञ पीटर क्रीफ्ट यांनी नाझींपासून ज्यूंना लपवणाऱ्या डच लोकांचा दाखला देऊन सामान्य माणसाच्या नैतिक जाणिवेला कौल मागितला. त्या जाणिवेचे बळ ऑगस्टीनला ठाऊक नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. दुसऱ्या ग्रंथात त्याने एक आजारी बाप उभा केला आहे. त्याचा एकुलता एक मुलगा वारला आहे, बापाला ते माहीत नाही, आणि मुलगा कसा आहे असे तो विचारतो. खरे सांगितले तर तो जाईल. आपणही माणूस आहोत, हे उदाहरण आपल्याला हलवून सोडते, अशी कबुली ऑगस्टीन देतो. तरीही तो नकारच देतो, कारण एवढी एक सूट दिली की ही वाईट गोष्ट कणाकणाने वाढत जाईल आणि तिला थांबवण्याची जागा पुढे कुठेच सापडणार नाही, अशी त्याला भीती वाटते.